साक्षीला साधे सोयाबीन

शास्त्रीय शोधनिबंधाचे रसग्रहण सहसा कुणी करत नाही. निष्कर्ष उचलायचा आणि पुढे जायचे, अशीच रीत. ज्युली नॉर्डली, स्टीव्ह टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक पाच पानी निबंध मात्र मी त्याच्या बांधणीसाठी पुन्हा वाचतो. तो मार्च १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला होता.

कथावस्तू साधी आहे. सोयाबीनमध्ये मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते, म्हणून पशुखाद्यात ते वरून घालावे लागते. पायोनियर हाय-ब्रेड या बियाणे कंपनीने मेथिओनिनने समृद्ध अशा एका प्रथिनाचे जनुक सोयाबीनमध्ये घातले. ते आणले होते ब्राझील नटमधून, आणि ब्राझील नट काहींच्या जिवावर बेततो. जनुकाबरोबर ॲलर्जीही आली का, एवढाच प्रश्न. तो विचारणाऱ्यांत खुद्द कंपनीचे शास्त्रज्ञही आहेत. उत्तर ‘हो’ आले तर नुकसान त्यांच्याच घरचे.

निबंध पायरीपायरीने माणसाच्या जवळ येतो. आधी ब्राझील नटची ॲलर्जी असलेल्या चौघांच्या रक्ताचा एकत्र केलेला सीरम. त्यातली प्रतिपिंडे ब्राझील नटच्या प्रथिनांना चिकटतात. मध्ये नव्या सोयाबीनचा अर्क आणला की ते चिकटणे कमी होते. म्हणजे प्रतिपिंडांना या अर्कातही ओळखीचे काही सापडले. मग नऊ जणांचे सीरम वेगवेगळे तपासले. त्यांतल्या आठांच्या प्रतिपिंडांनी ब्राझील नटमधले ते प्रथिन धरले, नव्या सोयाबीनमधलेही धरले. नववा जुळला नाही, आणि त्याला झाकलेलेही नाही. हा ‘आठ’ मला गोल आकड्यापेक्षा विश्वासार्ह वाटतो.

शेवटी त्वचा. तिघांच्या कातडीवर अर्काचा थेंब ठेवून सुईने हलके टोचले. ब्राझील नटला प्रतिक्रिया आली, नव्या सोयाबीनलाही आली. साध्या सोयाबीनला काहीच नाही. या निबंधाचा सगळा रस मला त्या ‘काहीच नाही’त सापडतो. ते नसते तर या लोकांना मुळात सोयाबीनच सोसत नसेल, अशी शंका घ्यायला जागा राहिली असती. जनुक न घातलेले सोयाबीन शेजारी उभे करताच दोष थेट त्या एका प्रथिनावर येतो. कुणाला दाणा खायला घालून जीव धोक्यात घालण्याची गरजही उरत नाही.

आणि एवढे सापडूनही लेखक आवाज चढवत नाहीत. ॲलर्जी आणणाऱ्या अन्नातला असा घटक जनुकबदलातून दुसऱ्या अन्नात जाऊ शकतो, इतकेच म्हणून थांबतात. सगळे जनुकबदल घातक, असे कुठे नाही. पुढे हा निबंध हातात नाचवणाऱ्या जनुकबदलाच्या समर्थक आणि विरोधक अशा दोन्ही बाजूंना हा संयम पेलला नाही. कंपनीने ते सोयाबीन बाजारात आणलेच नाही.

आता खाद्यपदार्थांतल्या जनुकबदल केलेल्या जिवाणूंकडे वळले, की या बांधणीची मर्यादा कळते. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने २००३ मध्ये अशा सूक्ष्मजीवांसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली. जनुक ॲलर्जीच्या ज्ञात स्रोतातून आले असेल, तर तिथेही रुग्णांच्या सीरमलाच विचारतात. पण दह्या-चीजच्या विरजणात घालायचे प्रथिन बहुधा अशा जिवाणूतून येते, ज्याची ॲलर्जी असलेला माणूसच माहीत नाही. मग सीरम आणायचे कुणाचे? उरते ती तुलना: अमिनो आम्लांच्या ८० च्या तुकड्यात ज्ञात ॲलर्जीकारक प्रथिनाशी ३५ टक्क्यांहून अधिक साम्य दिसले की संशय. जोडीला, जठरातल्या पेप्सिन या पाचक विकरात प्रथिन किती तगते, हेही पाहायचे. माझ्या मते जिवंत जिवाणूबाबत ही दुसरी कसोटी लंगडी पडते, कारण जठरातून तगून गेला तर तो आतड्यात तेच प्रथिन नव्याने बनवू शकतो. कुठल्याही एका चाचणीवर विसंबू नका, असे ती मार्गदर्शिका सांगते. वाचायला हे नॉर्डलींच्या निबंधाइतके नेटके नाही, पण साक्षीदारच नसलेल्या खटल्यात याहून नेटके लिहिणे मला खोटे वाटले असते.