दरपत्रकाच्या चौकटीतील प्राणिपात्रे

प्राण्याचे शरीर आणि माणसाची देहबोली यांच्या संयोगातून घडलेली पात्रे चित्रकलेला नवी नसली, तरी अशी पात्रे ग्राहकाच्या मागणीनुसार, ठरलेल्या मोबदल्यात, संगणकावर रंगवून देण्याचा आजचा व्यवहार मुख्यतः ‘फरी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या हौशी वर्तुळात वाढला. अमेरिकेतील विज्ञानकथा-संमेलने आणि सभासदांनी पाठवलेली पाने एकत्र बांधून तयार होणारी हौशी संकलने, जसे १९८४ मध्ये सुरू झालेले ‘राउरब्राझल’, यांतून हे वर्तुळ आकाराला आले आणि १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात त्याचे ‘कॉन्फ्युरन्स’ हे स्वतंत्र संमेलन भरले.

पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे कोल्हे राजनीती शिकवण्यासाठी बोलतात, १८४० च्या दशकातील फ्रेंच चित्रकार ग्रँडव्हिलचे प्राणी समाजाचा उपहास करण्यासाठी माणसांचे कपडे घालतात. फरी चित्रातील कोल्हा मात्र कुठल्या गुणदोषाचे प्रतीक नसून बहुधा एका विशिष्ट व्यक्तीने स्वतःसाठी कल्पिलेले रूप, म्हणजेच ‘फर्सोना’, असतो. त्यामुळे चित्राला चित्रकाराखेरीज पात्राचा मालक असा दुसरा धनी लाभतो, आणि ‘मुस्कट फार लांब झाले’ हा साधा तांत्रिक अभिप्रायही त्या मालकाला स्वतःच्या चेहऱ्यावरील शेरा वाटू शकतो. या कलेच्या समीक्षेत कौतुकाचा सूर जो सहज वरचढ ठरतो, त्याचे मूळ सौजन्यापेक्षा या दुहेरी मालकीत अधिक आहे.

चित्राचे रूप पुष्कळदा दोन कागदपत्रांनी आधीच ठरवलेले असते. पहिले म्हणजे ‘रेफरन्स शीट’, ज्यात पात्र समोरून व पाठीमागून दाखवून अंगावरील ठिपके, पट्टे व रंगांच्या नेमक्या छटा नोंदलेल्या असतात. दुसरे म्हणजे चित्रकाराचे दरपत्रक, ज्यात केवळ चेहरा, अर्धे शरीर आणि पूर्ण शरीर, तसेच कच्चे रेखाटन, सपाट रंग आणि छायाप्रकाश अशा चढत्या पायऱ्या असून पार्श्वभूमीचे दाम सहसा वेगळे पडते. परिणामी असंख्य पात्रे रिकाम्या अवकाशात, जमिनीचा आधार नसलेली, प्रेक्षकाकडे पाहत उभी राहतात. आणि एकच तयार मुद्रा अनेक ग्राहकांच्या पात्रांवर बेतून विकण्याच्या ‘वायसीएच’ पद्धतीत तर रंग बदलतात, पण व्यक्तिमत्त्व बदलत नाही.

या कलेची खरी कसोटी शरीररचनेत लागते. कुत्रा किंवा मांजर बोटांवर चालत असल्याने त्याच्या मागच्या पायातील मागे वळलेला सांधा हा गुडघा नसून घोटा असतो, हे न ओळखता काढलेले पाय दोन पायांवर उभ्या पात्राचा तोल बिघडवतात. तिरप्या कोनातून पाहिलेले मुस्कट कवटीतून पुढे येण्याऐवजी गालावर चिकटवल्यासारखे भासते. शेपूट पाठीच्या कण्याचा विस्तार न राहता वस्त्रासारखी लोंबते. केस सुटे दाखवणारे तयार ब्रश हाताशी असले, तरी लव कोणत्या दिशेने वाढते आणि स्नायूंवर कशी वळते, हे निरीक्षणावाचून साधत नाही.

म्हणून समीक्षेने दोन प्रश्न वेगळे ठेवणे आवश्यक ठरते: पात्र रेफरन्स शीटशी प्रामाणिक आहे काय, आणि चित्र चित्र म्हणून उभे राहते काय. पहिल्याचा निर्णय मालकाचा, आणि त्याची योग्य वेळ कच्चे रेखाटन संमतीसाठी दाखवले जाते तेव्हाची. दुसऱ्याचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकाचा, मात्र मालकाने आनंदाने दाखवलेल्या चित्रावर चित्रकाराने न मागितलेल्या दुरुस्त्या रेखाटणे हा त्या अधिकाराचा अतिरेक होय. २०२२ पासून यंत्रनिर्मित प्रतिमा सुलभ झाल्यावर गुळगुळीत पृष्ठभागाचे मोल आणखी घटले असून, चित्रकाराने कोणते निर्णय घेतले याकडे पाहणे अधिक निकडीचे झाले आहे.

त्यासाठी लागणारी सामग्री या व्यवहारानेच पुरवली आहे. एकच पात्र अनेक चित्रकारांकडून काढून घेण्याची येथील मालकांची सवय म्हणजे विषय, रंग आणि खुणा स्थिर ठेवून केवळ शैली बदलण्याचा प्रयोगच होय; ही चित्रे शेजारी ठेवली, तर कोणी नमुन्याची नक्कल उतरवली आणि कोणी त्यातून जिवंत व्यक्ती उभी केली, हे मालकाच्या भावना न दुखवता दाखवता येते. सुट्या चित्रावरील शेऱ्यांकडून अशा तुलनेकडे वळल्यासच या कलेची समीक्षा तिच्या निर्मितीच्या प्रचंड वेगाशी बरोबरी करू शकेल.