पेडल स्टील गिटारमधील बार : निवड, हाताळणी आणि स्थिर स्वराचा प्रश्न

वाद्यांची नावे पुष्कळदा त्यांच्या आकारावरून किंवा उगमस्थानावरून पडतात. वादकाच्या हातातील साधनावरून वाद्याला नाव मिळाल्याची उदाहरणे त्या मानाने थोडी आहेत. स्टील गिटार हे त्यांपैकी एक होय. या नावातील 'स्टील' हा शब्द वाद्याच्या धातुमय अंगाचा वाचक असावा, असा समज क्वचित आढळतो. परंतु तो यथार्थ नाही. वाद्याचे अंग लाकडी असले तरी नाव तेच राहते, कारण ते डाव्या हातातील पोलादी बारवरून पडलेले आहे. दक्षिणेतील गोट्टुवाद्याचे नावही तारांवरून फिरणाऱ्या तुकड्यावरून आले, असे मानले जाते. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या दोन परंपरांनी मुठीत मावणाऱ्या एका वस्तूवरून वाद्याची ओळख ठरवावी, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पुढे या नावामागे 'पेडल' हे विशेषण लागले, आणि विशेषणाने विशेष्याला झाकावे तसे काहीसे घडले. पेडल स्टीलविषयीच्या चर्चेत पेडलांची रचना, तारांची जुळणी, गुडघ्याने ढकलावयाच्या कळा यांचा विचार मुबलक आढळतो. बारचा विचार मात्र 'जड की हलका' एवढ्याच प्रश्नापाशी थांबतो. पेडलांमुळे बारचे काम हलके झाले, ही समजूत त्याच्या मुळाशी आहे. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम पेडलांपूर्वीची स्थिती पाहू. मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारीच्या तारांवरून धातूचा तुकडा फिरवण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः हवाईतील ओआहू बेटावरचा जोसेफ केकुकु याला दिले जाते. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. या पद्धतीत बार सरळ ठेवला तर सर्व तारांचे स्वर एकाच प्रमाणात चढतात वा उतरतात. तारांच्या जुळणीत जो स्वरसंघ असेल तोच वेगवेगळ्या उंचीवर मिळतो. निराळा मिळत नाही. ही मर्यादा ओलांडण्यासाठी वादक बार तिरका धरीत. एक तार एका रेषेवर, दुसरी पुढच्या रेषेवर, अशी ती योजना होती. जेरी बर्ड याने पेडलांचा मार्ग न स्वीकारता ही तिरक्या बारची कला फार उंचीवर नेली. मात्र तिरका बार दोन किंवा फार तर तीन तारांवरच सुरेल राहू शकतो, आणि रेषांमधील अंतर वर जाताना कमी होत असल्यामुळे त्याचा कोन प्रत्येक स्थानी बदलावा लागतो.

पेडलांनी ही अडचण दूर केली. पेडले १९५३च्या पूर्वीही होती. पण मुख्यतः जुळणी बदलण्यासाठी. वेब पिअर्स या गायकाच्या 'स्लोली' या १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या गीतात बड आयझॅक्स याने तारा वाजत असतानाच पेडल दाबले, आणि तो स्वरबदल श्रोत्यांना ऐकू येऊ दिला. वाद्याच्या इतिहासात हे वळण निर्णायक ठरले. आज प्रचलित असलेल्या दहा तारांच्या 'ई नाइन' जुळणीचे उदाहरण घेतल्यास त्याचे स्वरूप स्पष्ट होईल. जुळणीतील मूळ स्वराला सा मानले, तर एका पेडलाने प चा ध होतो आणि दुसऱ्याने शुद्ध ग चा शुद्ध म. दोन्ही पेडले एकत्र दाबली असता सा–ग–प या संघाचे सा–म–ध या संघात रूपांतर होते. या सर्व हालचालीत सा जागचा हलत नाही.

या 'न हलणाऱ्या सा'कडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. पेडल स्टीलच्या वादनाला 'रडवा' किंवा 'हुंदक्यासारखा' अशी विशेषणे लावण्याचा प्रघात आहे. परंतु आपल्याला जो हुंदका वाटतो तो केवळ सरकणाऱ्या स्वराचा परिणाम नव्हे. सरकणारे स्वर हवाई पद्धतीतही होते. नवे होते ते एका स्वराचे सरकणे आणि त्याच क्षणी शेजारच्या स्वराचे स्थिर राहणे. परिणाम या दोहोंमधील अंतरातून निर्माण होतो. आणि स्थिर राहणारा स्वर स्थिर कोण ठेवतो? पेडल नव्हे; बार. पाय दाबला जात असता, गुडघा बाजूला ढकलला जात असता, हातातील बार तसूभरही न हलणे ही या परिणामाची पूर्वअट आहे.

येथे थोडा हिशेब उपयोगी पडेल. पुष्कळ पेडल स्टील वाद्यांत तारेची वाजती लांबी सुमारे २४ इंच, म्हणजे ६१० मिलिमीटरच्या आसपास असते. बार बाराव्या रेषेवर असता तो एक मिलिमीटर सरकला, तर स्वर सुमारे ५.७ सेंटने ढळतो. अर्धस्वराचे १०० सेंट मानले जातात. चोविसाव्या रेषेवर हीच चूक ११ सेंटहून अधिक होते. गिटारीच्या उठावदार पडद्यांप्रमाणे येथे स्वरस्थान निश्चित करणारी कड नसते; बारखाली नुसत्या आखलेल्या रेषा असतात, आणि तारा त्या रेषांच्या वर काही अंतरावर असल्यामुळे तिरप्या नजरेने पाहणाऱ्याला स्थान चुकीचे दिसते.

याहून गंभीर अडचण पुढेच आहे. पुष्कळ वादक शुद्ध ग हा समविभाजित सप्तकातील ग पेक्षा खाली जुळवतात. नैसर्गिक ग आणि समविभाजित ग यांत सुमारे १४ सेंटचे अंतर आहे. समजा, साथीदारांसह वाजवताना वादकाला आपला ग उतरलेला वाटला. तो सुधारण्यासाठी बाराव्या रेषेवर बार जवळजवळ अडीच मिलिमीटर पुढे न्यावा लागेल. पण तसे करताच सा आणि प हेही तितकेच चढतील. तिरका बार धरणाऱ्या जुन्या वादकाला दोन तारांपुरती का होईना, अशी दुरुस्ती हाताने करता येत होती. सरळ बार धरणाऱ्याला ती जवळपास नाकारली गेली आहे. म्हणजे पेडलांनी बारचे काम हलके केले नाही. त्याचे स्वरूप बदलले. पूर्वी बारने स्वरसंघ घडवावयाचा होता. आता त्याने दहा तारांची जबाबदारी एकाच रेषेत, एकाच क्षणी घ्यावयाची आहे.

हे मान्य केल्यास बारच्या निवडीचा प्रश्नही निराळ्या रीतीने मांडावा लागतो. पेडल स्टीलसाठी एका टोकाला गोलाई असलेला भरीव दंडगोल वापरतात. दुसऱ्या टोकाला बहुधा अंगठ्यासाठी उथळ खळगा असतो. त्याची लांबी साधारणतः सव्वातीन इंच असते, म्हणजे दहा तारा झाकण्याइतकी; व्यास बहुधा ७/८ इंच, क्वचित १५/१६ किंवा पूर्ण एक इंच. पोलादाच्या घनतेवरून हिशेब केल्यास ७/८ इंची बारचे वजन सुमारे २४० ग्रॅम येते, तर तेवढ्याच लांबीच्या एक इंची बारचे सुमारे ३१० ग्रॅम. व्यासात अष्टमांश इंचाची वाढ वजनात तीस टक्क्यांची भर घालते, हे दुकानात दोन बार शेजारी ठेवून पाहताना लक्षात येत नाही; तासभर वाजवल्यावर मनगटाला कळते.

जड बारचा पुरस्कार करणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. पुरेसे वजन असलेला बार आपल्याच भाराने तारांवर बसतो, हाताला दाबावे लागत नाही, आणि स्वराची आस दीर्घ राहते. बार फार हलका असेल तर वादक नकळत दाब देतो. तारा खाली लवून स्वर चढतो, किंवा दाब अपुरा पडून तारा झणझणतात. परंतु या युक्तिवादाची मर्यादाही ओळखली पाहिजे. एका स्थानावरून दुसऱ्या स्थानावर जाताना हेच वजन वादकाला थांबवावे लागते. संथ गीतात ही अडचण जाणवत नाही. बडी एमन्स याच्या १९६३ सालच्या 'स्टील गिटार जॅझ' या ध्वनिमुद्रिकेतील जलद वादनासारखे काही करावयाचे असल्यास, इच्छित रेषेच्या पुढे सरकून मागे येणारा बार निरुपयोगी होय. तेव्हा जो बार दाबाविना वाजतो आणि इच्छेसरशी थांबतो, तोच त्या हातापुरता योग्य वजनाचा.

द्रव्याविषयीही हाच दंडक लावता येईल. टंगस्टन कार्बाइडची घनता पोलादाच्या सुमारे दुप्पट असते, काचेची एक-तृतीयांशाच्या आसपास. ध्वनीच्या गुणात या द्रव्यांमुळे फरक पडत असेलही. परंतु निवडीच्या वेळी अधिक महत्त्व पृष्ठभागाला आहे. बारवरून नख फिरवावे. कोठे ओरखडा लागला तर प्रत्येक गुंडाळीच्या तारेवर तो खरखरेल. अतिगुळगुळीत पृष्ठभाग तारांना मानवतो, पण घामेजलेल्या बोटांना मानवत नाही.

हाताळणीकडे वळल्यास स्थैर्याचे तत्त्व अधिकच स्पष्ट होते. बार अंगठा व मधले बोट यांच्यात धरतात, तर्जनी वर टेकते, आणि अनामिका व करंगळी बारच्या मागे तारांवर हलकेच विसावतात. ही दोन बोटे वाजवीत काहीच नाहीत. बार आणि खुंट्या यांच्यामधील तारांचा अनाहूत ध्वनी ती दाबून टाकतात. ती उचलून एक स्वरसंघ वाजवावा, म्हणजे त्यांचे मौन कार्य किती मोलाचे आहे ते कळते. स्वरकंपासाठी बार घासत न नेता किंचित मागेपुढे लोटला असता तारांवरील खरखर कमी होते. दोन्ही बाजूंना दीड मिलिमीटर हे अंतर धरले, तर तिसऱ्या रेषेवर कंप सुमारे ५ सेंटचा, बाराव्यावर साडेआठ सेंटचा, चोविसाव्यावर १७ सेंटचा होतो. म्हणून वर जाताना हाताने कंप आखडता घ्यावयास हवा. नवशिक्या वादक पुष्कळदा चुकीचे स्थान झाकण्यासाठी कंप वाढवतो. कंपाने चूक झाकत नाही. ती दोन्ही बाजूंना पसरते.

आपल्याकडील अभ्यासकांसाठी येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक वाटते. ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाई गिटारवर हिंदुस्थानी राग वाजवले. 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका अनेकांच्या परिचयाची आहे. तेथे बार एका स्वररेषेची मींड घडवतो आणि त्या रेषेपुरता तो स्वतंत्र असतो. पेडल स्टीलच्या सरकत्या स्वरालाही आपण सहजपणे मींड म्हणतो. परंतु प चा ध पेडलाने झाला की बारने, हे त्या एका स्वराच्या आलेखावरून सांगता येत नाही. दोन्ही आलेख सारखेच दिसू शकतात. भेद कळतो तो सोबतच्या तारांवरून. त्याही तितक्याच सरकल्या तर हालचाल बारची. त्या स्थिर राहिल्या तर पेडलाची. उच्चारणाच्या अभ्यासातही केवळ बदलणाऱ्या घटकाची नोंद करून काय स्थिर राहिले याची नोंद न केल्यास वर्णन अपुरे राहते. ध्वनिमुद्रणावरून स्वरलेखन करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून दोन स्तंभ ठेवावेत : एक सरकणाऱ्या स्वरांचा, दुसरा स्थिर स्वरांचा. दुसरा स्तंभ रिकामा ठेवल्यास 'मींड' हा एकच शब्द दोन भिन्न क्रियांवर पडतो, आणि मग वादकाच्या डाव्या हाताचे श्रेय त्याच्या पायाला दिले जाते.

सारांश, बारची निवड ही ध्वनीच्या गोडव्याची निवड आहे, असे मानण्यापेक्षा ती स्थैर्याच्या साधनाची निवड आहे, असे मानणे अधिक युक्त होईल. नवशिक्याने ७/८ इंची, निष्कलंक पृष्ठभागाच्या पोलादी बारपासून आरंभ करावा आणि त्याची परीक्षा एकाच प्रयोगाने घ्यावी : सा–ग–प वाजवून दोन्ही पेडले दाबावीत व सोडावीत, आणि कान ग–म वर किंवा प–ध वर न ठेवता सा वर ठेवावा. तो सा हलला, तर दोष प्रथम हातात शोधावा, मग वाद्यात, आणि सर्वांत शेवटी बारमध्ये.