चोरलेली लावणी

लावणी अश्लील की अभिजात, यावर आमच्या समीक्षकांनी पुष्कळ कागद काळे केले. नाचणारीच्या हक्कावर मात्र मी क्वचितच काही वाचले. दर्यापुरात माझे विद्यार्थी मोबाइलवर तिला न विचारता काढलेल्या चित्रफिती पाहतात. ‘ती उघड नाचते, मग चोरी कसली?’ म्हणतात. तिकिटाच्या मोलात तिने एका रात्रीचा नाच दिला. जन्माचा विकला नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलावंताचा हक्क आला. तिच्या संमतीवाचून चित्रण करून विकणे बेकायदा ठरले. पण कोल्हाटी, मांग, महार बायांची कला म्हणजे गावाची मिरास, ही समजूत तशीच आहे. वतने गेली, फुकट घेण्याची सवय उरली. अश्लील असेल तर ती सवय.