पिपरहवाचे धातू आणि संग्रहालयाचे उत्तरदायित्व

पिपरहवाच्या स्तूपातील रत्ने जुलै २०२५ मध्ये भारतात परत आली. तत्पूर्वी मे महिन्यात सोदबीज या संस्थेने हाँगकाँग येथे त्यांचा लिलाव मांडला होता. भारत शासनाने नोटीस बजावल्यावर तो स्थगित झाला, याबद्दल शासन अभिनंदनास पात्र आहे. तथागतांच्या अस्थींसमवेत श्रद्धेने ठेविलेली रत्ने बोलीवर चढावीत, याहून मोठी विटंबना ती कोणती? तथापि ३ जानेवारी २०२६ रोजी दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते या धातूंच्या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले, त्या निमित्ताने काही प्रश्न मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८९८ साली विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने हा स्तूप खोदला. शाक्यांचा उल्लेख असलेली ब्राह्मी लेखांकित कुपी त्यातच मिळाली. इंग्रज सरकारने अस्थी सयामच्या राजास दिल्या, बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात ठेविली आणि उरलेली पेपे कुटुंबाकडे राहू दिली. सयामला दिलेल्या त्या दानात धर्मबुद्धीपेक्षा राजनीती अधिक होती, असे आमचे मत आहे.

स्वतंत्र भारतात तरी रीत पालटली काय? १९७०च्या दशकात पुरातत्त्व खात्याला याच स्तूपात आणखी अस्थिधातू मिळाले. ते दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. अतिमूल्यवान वस्तूंच्या ज्या वर्गात त्यांची नोंद आहे, त्या वर्गातील वस्तू देशाबाहेर नेऊ नयेत असा दंडक आहे. २०२२ मध्ये खास अपवाद करून त्यांतील चार धातू अकरा दिवसांसाठी मंगोलियास नेण्यात आले. तेथील उपासकांना दर्शन घडले याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु परराष्ट्र धोरणासाठी शिथिल होणारा नियम या देशातील उपासकांच्या विनंतीवरून शिथिल होईल काय? संग्रहालय हे विश्वस्त आहे. मंत्रालयाने मागावे आणि विश्वस्ताने काढून द्यावे, हा काही विश्वस्ताचा धर्म नव्हे.

धातू काचेतच राहिले पाहिजेत असेही नाही. सारिपुत्त व मोग्गल्लान यांचे धातू लंडनच्या संग्रहालयात होते. ते १९४७ साली महाबोधी सोसायटीस परत मिळाले आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये सांचीच्या चेतियगिरी विहारात विराजमान झाले. त्या समारंभास पंडित नेहरू उपस्थित होते, म्हणजे राजकारण तेथेही होतेच; पण धातू अखेर विहारात गेले. दरवर्षी नोव्हेंबरात तेथे ते वंदनेसाठी बाहेर काढले जातात.

पिपरहवाची रत्ने मात्र गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतली असून त्यांचा मोठा भाग पाच वर्षांच्या उसनवारीने राष्ट्रीय संग्रहालयात राहावयाचा आहे. पुढे काय, हे मालक व मंत्रालय यांनीच ठरवू नये. ही मुदत संपण्यापूर्वी भिक्खुसंघाच्या व उपासकांच्या प्रतिनिधींना त्या निर्णयात मताधिकारासह स्थान मिळावे, अशी लेखी मागणी आपल्या विहारांनी आताच संग्रहालयाकडे करावी.