काटकपणाचे माप

कुस्ती, हुतुतू, रग्बी, मुष्टियुद्ध आणि सुमो यांपैकी सर्वांत कठीण खेळ कोणता, हा प्रश्न आमदंगल पाहून परतणाऱ्या प्रेक्षकांत जितक्या हौसेने चर्चिला जातो, तितक्याच हौसेने तो शारीरिक शिक्षणविषयक लेखनातही डोकावतो. प्रेक्षकांना तो शोभतो. अभ्यासकाने मात्र त्याचे उत्तर देण्यापूर्वी प्रश्नाचीच तपासणी करावयास हवी.

आपल्या भाषेने या बाबतीत बराच विवेक दाखविला आहे. प्रहार झेलूनही उभा राहणारा तो दणकट. उपासतापास व श्रम पचविणारा तो काटक. धरलेले न सोडणारा तो चिवट. आणि दुखणे बोलून न दाखविणारा तो सोशिक. हे चार गुण एका देहात एकत्र असतातच असे नाही. तौलनिक म्हणविणारे बहुतेक लेखन एका शब्दाने आरंभ करते आणि वाचकाच्या नकळत दुसऱ्यावर येऊन थांबते.

1910 साली लंडन येथे झालेल्या गामा व झबिस्को यांच्या कुस्तीचे उदाहरण घ्यावे. अडीच तासांहून अधिक काळ ही कुस्ती चालली व निकालावाचून संपली. त्यातील बहुतेक वेळ झबिस्को अंग टाकून गादीला चिकटून राहिला होता, आणि पुढील आठवड्यात ठरलेल्या कुस्तीस तो आलाच नाही. 1928 मध्ये पतियाळा येथे गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले, तेव्हा जुन्या शंकेचा निकाल लागला असे आपल्याकडील लेखक आनंदाने लिहितात. गामाच्या श्रेष्ठत्वाविषयी आम्हांसही संदेह नाही. तथापि पतियाळ्यास गादी नव्हती, माती होती. आणि दोघेही मल्ल अठरा वर्षांनी वृद्ध झाले होते. शिवाय आपल्याहून बलवान प्रतिस्पर्ध्याखाली अडीच तास पाठ न लागू देणे हे भित्रेपणाचे लक्षण असेलही, पण चिवटपणाचे माप लावले तर त्या दिवशीचा मान कोणाकडे जातो? आपण ते माप लावीत नाही, कारण आपल्या मनातील कुस्ती ही निकाली कुस्ती असते, आणि निकाल टाळणाऱ्याला तीत स्थान नसते.

खाशाबा जाधवांचा वृत्तांत याहून अधिक बोधक आहे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाचा काटकपणा या चार वर्षांत दुणावला असे मानण्यास आधार नाही. तो त्यांनी तालमीतून आणलेलाच होता. नवे होते ते गादीचे, घड्याळाचे आणि गुणांचे ज्ञान. मातीत पाय रुततो, पकड घामाने व धुळीने बदलते, डाव फसला तरी पुन्हा मांडता येतो. गादीवर पाय तात्काळ वळतो, आणि एका क्षणाची गफलत पंचांच्या कागदावर कायमची उतरते. हेलसिंकीत त्याच वजनगटाचे सुवर्णपदक जिंकणारा जपानचा इशी हा मूळचा जुदोपटू होता, हेही ध्यानात घ्यावे. एका संस्कृतीची झोंबी दुसरीच्या नियमांत उतरते तेव्हा प्रथम कसोटी लागते ती तिच्या जुळवून घेण्याच्या शक्तीची. कणखरपणाची कसोटी त्यानंतरची.

जमिनीचा विचार तर आपले लेखक क्वचितच करतात. हिंगणघाट तालुक्यातील वडनेरच्या परिसरात कपाशीची काळी जमीन आहे. पावसात ती पायाला गोळ्यांनी चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. आखाड्याची माती म्हणजे चाळलेली, तेल-हळद-ताक घालून मळलेली तांबडी माती. ती मिळवावी लागते, राखावी लागते, आणि त्यासाठी एखादा आश्रयदाता लागतो. कोल्हापुरास शाहू महाराज लाभले, खासबागेचे मैदान लाभले. उलट हुतुतूस पीक निघालेले सपाट रान आणि एक रेघ पुरते. तेव्हा एखाद्या प्रदेशात मल्ल थोडे व हुतुतूचे गडी पुष्कळ दिसले, तर तो तेथील लोकांच्या रांगडेपणाचा पुरावा मानण्याआधी जमिनीकडे व खर्चाकडे पाहावे. विदर्भात हुतुतू हलका मानला जात नव्हता हे उघडच आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी जे देशी खेळ करून दाखविले, त्यांत तो होता.

हुतुतूतील काठिण्य कोठे आहे, हे परकीय प्रेक्षकास चटकन उमगत नाही. रग्बीतही पकड आहे, आणि ती अधिक वेगाने येते. परंतु रग्बीचा खेळाडू श्वास घेत धावतो. चढाई करणारा गडी मात्र सात जणांच्या पकडीतून रेघेकडे सरपटत असतानाही दम मोडू शकत नाही. अंगाची झटापट व श्वासाचा निरोध यांची अशी सांगड आम्हांस अन्य कोणत्याही झटापटीच्या खेळात आढळली नाही. चढाईस तीस सेकंदांची मर्यादा आल्यावर या वैशिष्ट्याची धार काहीशी बोथट झाली, हे आमचे मत कदाचित जुन्या वळणाचे ठरेल.

सुमोची गोष्ट निराळी. साडेचार मीटर व्यासाच्या मातीच्या वर्तुळात झुंज बहुधा काही क्षणांतच संपते, वजनगट नसतात, आणि पाहणाऱ्यास वाटते की यात सोसावयाचे ते काय! परंतु वरच्या दोन श्रेणींतील मल्लास वर्षातून सहा स्पर्धा, प्रत्येकीत पंधरा दिवस रोज एक झुंज, अशा नव्वद झुंजी द्याव्या लागतात. दुखापतीमुळे चुकलेला दिवसही पराभवासारखाच मोजला जातो. येथे मोजावयाचे ते वर्ष. झुंजीवरून अंदाज करणारा फसतो.

संरक्षक साधनांविषयीचा समज तर सरळ उलटा करावा लागतो. 1867 च्या क्वीन्सबेरी नियमांनी मुष्टियुद्धात हातमोजे रूढ केले. मोज्याने प्रथम वाचला तो मारणाऱ्याचा हात. उघड्या मुठीने कवटीवर आघात करणारा आपलीच बोटे मोडून घेई, ती भीती गेली. 1928 साली मार्टलँड या अमेरिकन वैद्याने मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराचे वर्णन केले. 2005 मध्ये शिरस्त्राण घालून खेळणाऱ्या एका अमेरिकन फुटबॉलपटूच्या मेंदूतही तशाच जातीची विकृती नोंदली गेली. आमचा मल्ल लंगोटावर उतरतो आणि मोडलेला कान जन्मभर मिरवितो. ती खूण सर्वांस दिसते. शिरस्त्राणाखालची खूण मात्र मरणोत्तर तपासणीतच निश्चित होते. मग या दोघांत अधिक सोशिक कोणास म्हणावे?

जोसेफ आल्टर यांच्या 1992 मधील मल्लविषयक ग्रंथाने या चर्चेस एक चांगले वळण दिले. काठिण्य झुंजीत न शोधता आहार, ब्रह्मचर्य व नित्य व्यायाम यांच्या शिस्तीत त्यांनी पाहिले. आमचा आक्षेप इतकाच की त्यांचे चित्र मुख्यत्वे बनारसच्या आखाड्यांचे आहे. महाराष्ट्रातील तालीम ही पेठेची व गावाची संस्था आहे; तेथे जत्रेतील इनाम, गावाची ईर्षा व घरची शेती यांचे ओझे पैलवानाच्या मानेवर असते. खुराकासाठी कोणाच्या घरची म्हैस राखून ठेवली गेली आणि भावंडांपैकी कोणाचे दूध तुटले, हे काटकपणाच्या हिशेबात धरावयाचे की नाही? वर्धा जिल्ह्यातील एखाद्या गावी हा हिशेब घरोघर विचारून मांडता येईल, आणि ज्यांनी त्या काळी खुराक घातला त्या माता व बहिणी अद्याप सांगू शकतात तोवरच तो मांडावयास हवा.