तीन रायांचे फेस्त : एक समीक्षा

ग्रंथाची समीक्षा करण्याची प्रथा आपल्याकडे आहे. सणाची समीक्षा करण्याची नाही. सण एक तर श्रद्धेचा विषय मानला जातो, नाही तर हौसेचा, आणि या दोन्हींच्या वाटेला टीकाकाराने जाऊ नये असा समज रूढ आहे. परंतु लहान मंडळीचा वार्षिक सण हाही एका अर्थी शास्त्रवचनाचा अर्थ लावण्याचाच प्रकार असतो. लोक वचनातील काही गोष्टी उचलतात, काही गाळतात, काही पदरच्या घालतात आणि हा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनावर बिंबतो. आपल्या प्रवचनांहून त्याचा ठसा अधिक खोल उमटतो हे कोणताही धर्मशिक्षक मान्य करील. म्हणूनच त्याची चिकित्सा करणे हे आम्ही आपल्या कामाचा भाग समजतो.

प्रस्तुत लेखासाठी आम्ही मुरगाव तालुक्यातील एक सण निवडला आहे. वास्कोहून मडगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दाबोळी व सांकवाळ मागे टाकले की कासावली लागते. कासावली, आरोशी व कुएली ही एकमेकांना लागून असलेली तीन गावे. दरवर्षी ६ जानेवारी रोजी या प्रत्येक गावातून एक मुलगा राजवेष धारण करून, मस्तकी मुकुट घालून, घोड्यावर बसून निघतो. तिघांच्या वाटा निराळ्या. कुएलीच्या टेकडीवर रेमेदी सायबिणीचे कपेल आहे. तेथे तिन्ही वाटा एकत्र येतात, बाळ येशूपुढे भेटी ठेवल्या जातात आणि पवित्र मिस्सा होते. हेच तीन रायांचे फेस्त. असाच सण सासष्टीतील चांदोर येथे होतो. तेथे राय येतात ते चांदोर, कावोरी व गिरदोली या गावांतून. बार्देशात मांडवीच्या काठी रेईश मागूश येथे तर १५५५ साली फ्रान्सिस्कन साधूंनी उभारलेले मंदिरच मागी राजांच्या नावाने आहे.

प्रथम या सणाचे गुण पाहू. पहिला गुण असा की, येथे वचन पायांनी वाचले जाते. मागी लोक दूरचा प्रवास करून आले हे मत्तयाचे सांगणे आपण व्यासपीठावरून एका वाक्यात उरकतो. कुएलीची चढण चढणाऱ्याला ते विसरता येत नाही. दुसरा गुण, राजाची भूमिका मुलाकडे आहे. गावातील थोरामोठ्यांनी त्या दिवशी एका बालकाच्या मागून चालावे आणि सर्वांनी मिळून दुसऱ्या एका बालकापुढे नमावे, यात ख्रिस्ती शिकवणुकीचे मर्म कोणी न सांगताच आले आहे. तिसरा गुण बाहेरच्या प्रेक्षकाच्या नजरेत भरत नाही. मिरवणूक एका सकाळची असते, पण तिच्यामागे नऊ दिवसांची प्रार्थना, राजवस्त्रांची शिवण, घोड्यांची व्यवस्था, पाहुण्यांचा स्वयंपाक आणि शेजाऱ्यांनी वाटून घेतलेली कितीतरी कामे असतात. मंडळी खऱ्या अर्थाने मंडळी होते ती या कामांत. शिवणारा व रांधणारा हात मिरवणुकीत दिसत नसला तरी सण उभा असतो तो त्याच्यावरच.

आता वचनाशी ताळा घालून पाहू. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात मागी लोकांची संख्या दिलेली नाही आणि त्यांना राजेही म्हटलेले नाही. भेटी तीन होत्या म्हणून आणणारे तीन, असे मंडळीने मागाहून मानले. यशयाचा साठावा अध्याय आणि बहात्तरावे स्तोत्र यांच्या प्रकाशात त्यांना राजपद दिले गेले; गास्पार, मेल्कियोर व बाल्थाझार ही नावेही परंपरेचीच. आमच्या वाचकांपैकी काहींना ही भर आक्षेपार्ह वाटेल. आम्हांस ती वाटत नाही. जुन्या करारातील आशा नव्या कराराच्या कथेत पूर्ण झालेली पाहणे ही वचनाशी प्रतारणा नव्हे. सणाने काय घातले यापेक्षा सणाने काय गाळले, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

सणाने हेरोद गाळला आहे. फेस्तात तारा आहे, मुकुट आहे, सोने, ऊद व गंधरस आहेत. परंतु यरुशलेमातील तो घाबरलेला राजा नाही. मत्तयाच्या कथेत सारा ताण त्याच्यामुळे निर्माण होतो. मागी लोक त्याच्या दारी चौकशी करतात, तो कपटाने त्यांना हेर बनवू पाहतो आणि ते दुसऱ्या वाटेने स्वदेशी परततात. मागोमाग पवित्र कुटुंबाला रातोरात मिसर देशी पळावे लागते आणि बेथलेहेमची बालके मारली जातात. उपासना-पंचांगानेही हा दुवा थोडा सैल केला आहे : प्रकटीकरणाच्या दिवशी बाराव्या ओवीपर्यंतचा भाग वाचला जातो आणि बालहत्येचा भाग त्याआधीच, २८ डिसेंबरला, निरपराध बालकांच्या स्मरणदिनी येऊन गेलेला असतो. परिणामी ज्याच्यापुढे आपण सोने ठेवतो तोच बालक पुढच्या ओवीपासून परागंदा आहे, ही जाणीव सणातून निसटते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. मत्तयाच्या कथेत मागी लोक परके आहेत. त्यांची भाषा निराळी, देश निराळा, धर्मही निराळा. यरुशलेमचे याजक व शास्त्री वचन तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि जागचे हलत नाहीत. परके मात्र शोधत येऊन पोहोचतात. प्रकटीकरणाच्या सणाचा सगळा अर्थ यात आहे. आमच्या फेस्तात मात्र राय परका असत नाही. तो गावच्याच कुटुंबातला असावा लागतो आणि ते पद गावाच्या मानाचे असते. परक्यांच्या आगमनाची कथा अशा रीतीने गावकीच्या मानाची कथा झाली आहे. हे कोणी कुटिलपणाने केले असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. आपल्या पोटच्या मुलाने राय व्हावे ही इच्छा निर्मळ आहे. तथापि निर्मळ इच्छेनेही वचनाचा रोख उलटा फिरू शकतो.

हा केवळ अभ्यासकांचा मुद्दा नव्हे. कासावलीपासून थोड्याच अंतरावर वास्को शहर आहे. १८८८ मध्ये लोहमार्ग मुरगाव बंदराला जोडला गेला. पुढे बंदर वाढले, जहाजबांधणीचा कारखाना आला, दाबोळीला नौदलाचा तळ झाला. या कामांच्या निमित्ताने कोकणातून, बेळगावकडून, देशाच्या इतर भागांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी बोलणारी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. असा गृहस्थ रविवारी उपासनेला येतो तेव्हा कोंकणी गीते त्याला अर्धी कळतात आणि लादाईन्याचे लॅटिन मुळीच कळत नाही. श्रावणात श्री दामोदराच्या सप्ताहात अहोरात्र चालणारे मराठी अभंग मात्र त्याला शब्दन्‌शब्द समजतात. शेजाऱ्याच्या भजनात आपली भाषा आणि स्वतःच्या मंडळीत आपण पाहुणे, ही त्याची अवस्था आहे. तीन रायांच्या फेस्ताला तो जातो तेव्हा रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहतो. पूर्वेकडून आलेल्यांचा सण, आणि बाहेरून आलेला मनुष्य कडेला! धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी विचार करावा असा हा विरोध आहे.

तुलनेसाठी मेक्सिकोतील खेड्यांची प्रथा पाहणे उपयुक्त ठरेल. तेथे १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री 'पोसादा' होते. या शब्दाचा अर्थ उतारशाळा. सोळाव्या शतकात आउगुस्तिनियन साधूंनी अकोल्मान येथे ही प्रथा सुरू केली असे सांगतात. योसेफ व मरिया यांच्या मूर्ती घेऊन, किंवा त्यांचे सोंग घेतलेल्या मुलांना घेऊन, लोक दारोदार जातात. बाहेरचे गाऊन आसरा मागतात. आतले गाऊनच नकार देतात. शेवटी एका घराचे दार उघडते, सर्व आत जातात, प्रार्थना होते, खाणेपिणे होते. दुसऱ्या रात्री दुसरे घर. पुढे ६ जानेवारीला रायांच्या नावाने कड्याच्या आकाराचा पाव कापतात. त्यात बाळाची चिमुकली बाहुली लपवलेली असते. ती ज्याच्या वाट्याला येईल त्याने २ फेब्रुवारीला सर्वांना तमाले खाऊ घालायची. मक्याच्या पिठाचा, पानात गुंडाळून वाफवलेला हा पदार्थ आपल्या पातोळ्यांची आठवण करून देणारा आहे.

या प्रथेत नकाराला जागा आहे, हे आम्हांस लक्षणीय वाटते. आपल्यापैकीच काहींनी दाराआड उभे राहून पवित्र कुटुंबाला 'नाही' म्हणायचे, आणि मग दार उघडायचे. आपण कोणाकोणाला नाकारले आहे हे त्या गाण्यात सर्वांना म्हणावे लागते. शिवाय बाहुली कोणाच्या हाती लागेल ते कोणालाच ठाऊक नसल्यामुळे यजमानपदाचा मान एखाद्या घराण्याकडे राहत नाही.

गोव्यात याच्या तोडीचे काही नाही काय? आमच्या मते आहे. सायबिणीची मूर्ती वाड्यावर घरोघर जाते. एका घरी रात्रीची प्रार्थना होते, उकडलेले चणे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवशी शेजारचे कुटुंब तिला आपल्या घरी नेते. खुरसापुढचा लादाईन्य असाच शेजाऱ्यांचा असतो. लग्नापूर्वी मृतांच्या स्मरणार्थ 'भिकाऱ्यांचे जेवण' घालण्याची जुनी रीतही आहे. तीत आनंदाच्या घरी पहिले पान गरिबाचे मांडले जाते. हे विधी मिरवणुकीइतके दिमाखाचे नाहीत, त्यांची छायाचित्रे कोणी काढीत नाही. परंतु मत्तयाचा मूळ रोख फेस्तापेक्षा या रोजच्या आचारात अधिक शाबूत राहिला आहे, असा आमचा अभिप्राय आहे. म्हणून वाड्याची यादी करताना सायबीण कोणत्या भाड्याच्या खोलीपाशी थांबत नाही हे धर्मशिक्षकाने आवर्जून पाहावे. जागा अपुरी आहे, कुटुंब नवे आहे, भाषा निराळी आहे, ही कारणे बेथलेहेमच्या उतारशाळेतही सांगता आली असती.

येथे दोन आक्षेप संभवतात. एक असा की, असले सण वचनात नाहीत, तेव्हा ते सोडूनच द्यावेत. दुसरा असा की, लोकभक्तीला विद्वानांनी हात लावू नये. पहिल्याला उत्तर असे की, मंडळी सण टाकते तेव्हा रिकाम्या जागी बाजार येऊन बसतो. दुसऱ्याला उत्तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेच दिले आहे. उपासनाविषयक संविधानात (१९६३) तिने लोकभक्तीच्या आचारांची शिफारस केली आणि ते उपासनेच्या ऋतूंशी सुसंगत असावेत, तिच्याकडे नेणारे असावेत, असेही सांगितले. सहाव्या पौलांनी १९७५ च्या आपल्या पत्रात लोकभक्तीची थोरवी व तिच्या मर्यादा दोन्ही दाखविल्या. आदर आणि चिकित्सा यांत विरोध नाही.

मग करावे काय? रायांचा मान गावाचा आहे. तो काढून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि तशी आवश्यकताही नाही. परंतु नऊ दिवसांच्या प्रार्थनेत एक संध्याकाळ हेरोदाच्या व मिसरच्या प्रवासाच्या वाचनाला देता येईल. ते वाचन मराठीतही व्हावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली याच गोव्यात राचोल येथे, रोमन लिपीत का होईना, मराठी ओवीत छापले गेले. गोव्याच्या मंडळीत मराठी ही उपरी भाषा नव्हे. महाराष्ट्रातील मंडळ्यांनी रेव्हरंड टिळकांच्या काळापासून कीर्तनाची परंपरा जोपासली आहे. हेरोदाची कथा कीर्तनात जशी रंगेल तशी ती अन्यत्र क्वचितच रंगेल. आणि सणामागची जी कामे आहेत, शिवण, स्वयंपाक, पाणी, सजावट, त्यांत बाहेरून आलेल्या कुटुंबांना हक्काने हाक मारावी. मिरवणुकीत जागा मिळण्यापूर्वी चुलीपाशी जागा मिळाली तर मनुष्य लवकर घरचा होतो.

तीन रायांचे फेस्त हा एक सुंदर सण आहे आणि तो टिकावा अशीच आमची इच्छा आहे. त्याचे मूल्यमापन मात्र घोड्यांच्या सजावटीवरून किंवा गर्दीवरून करू नये. टेकडीवर बाळापुढे गुडघे टेकून उतरल्यावर, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या परक्याला कोणी घरी जेवायला नेले काय, हे पाहावे. तेवढे झाले तर मत्तयाचा दुसरा अध्याय त्या गावात नीट वाचला गेला असे आम्ही म्हणू.