अपमानासकट जपलेला नामदेव

आपला माणूस परमुलखात मोठा झाला की आपण काय करतो? तिथं त्याचा पुतळा बसवतो, जमलं तर कार्यक्रम घेतो आणि 'शेवटी आपलाच' म्हणून फोटो टाकतो. संत नामदेवांसाठी तर आपण अख्खं साहित्य संमेलन नेलं. एप्रिल २०१५मध्ये ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला झालं. अध्यक्ष होते सदानंद मोरे. जिथं मराठी वाचक नाहीत तिथं संमेलन कशाला, यावर तेव्हा बराच वाद रंगला. मला त्या वादापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. पंजाबनं नामदेवांचा जो मान राखला, तो आपल्या हारतुऱ्यांपेक्षा मुळातच वेगळा आहे.

मी सेनगावचा. परंपरेनं नामदेवांचं जन्मगाव मानलेलं नरसी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठी. शिंप्याच्या घरात १२७० साली जन्मलेला हा माणूस पंढरपूरला वाढला, ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थयात्रेला गेला आणि पुढे उत्तरेत पोचला. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी घुमानला काढली, असं पंजाबची परंपरा सांगते. १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, तेव्हा त्यात नामदेवांची पदं घेतली. आज गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, १८ रागांत विभागलेली. ती नुसती छापून ठेवलेली नाहीत. ती वाचली जातात, गायली जातात, आणि ज्या ग्रंथात ती आहेत त्याच्यासमोर माणसं रोज माथा टेकतात.

मला गुरुमुखी येत नाही. मी ही पदं देवनागरीत, फोनवर वाचली. पहिला धक्का भाषेचा. ही मराठी नाही, पण मराठी कानाला ती परकीही वाटत नाही. रामकली रागातल्या एका पदात ओळीमागून ओळ 'भराईले', 'राखीअले' अशा क्रियापदांनी भरलेली आहे. मल्हारातल्या पदात 'कोपिला' येतं. आणि विठ्ठल 'बीठल', 'बीठुला' होऊन जागोजागी भेटतो. चार-पाच वर्षं पुण्यात काढलेला मराठवाड्याचा पोरगा जसा बोलतो, तशी ही भाषा आहे: शब्द नव्या मुलखाचे, पण त्यांची शेपटं गावाकडची.

रामकलीतलं ते पद स्थलांतरितांनी मुद्दाम वाचावं. पोरगा चार जणांशी गप्पा मारतोय, पतंग आभाळात आहे, पण त्याचं चित्त दोरीत आहे. पाणी भरून निघालेल्या पोरी हसतायत, थट्टा करतायत, चित्त डोक्यावरच्या घागरीत. गाय पाच कोसांवर चरतेय, चित्त वासरात. आई घरातबाहेर राबतेय, चित्त पाळण्यातल्या लेकरात. नामदेवांना यातून नामस्मरण सांगायचं आहे, हे उघड आहे. पण उपमा कुठून आल्या ते बघा. हात एकीकडे आणि जीव दुसरीकडे ही अवस्था या माणसाला पक्की ठाऊक होती. दिवसभर स्टँडअप कॉल आणि तिकिटं उरकताना पाऊस पडला का, हे घरी विचारायचं राहिलंय अशी टोचणी ज्याला लागते, त्याला हे पद समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा धक्का जास्त मोठा. नामदेवांना कीर्तनाच्या वेळी देवळातून उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मराठी परंपरा ती औंढा नागनाथाशी जोडते, म्हणजे पुन्हा आमच्याच जिल्ह्याशी. आमच्याकडे ती चमत्कार म्हणून सांगतात. देऊळ फिरलं, हात जोडा, पुढे चला. ग्रंथसाहिबातल्या पदांत मात्र चमत्काराआधीचा भाग तेवढाच ठळक आहे. हलकी जात म्हणून धरून उठवलेला माणूस तिथं आपली घोंगडी उचलून मागे जातो. मल्हारातल्या पदात तर 'शूद्र शूद्र' म्हणत मारून उठवल्याची तक्रार तो थेट विठ्ठलाकडे करतो आणि विचारतो, मेल्यावर मुक्ती दिलीस तर ती कोणाला दिसणार? मरणोत्तर गौरवांवर इतकी बोचरी टीका मी दुसरीकडे वाचलेली नाही.

माझा मुद्दा इथंच आहे. स्थलांतरिताचा खरा मान राखणं म्हणजे त्याच्या मूळ गावाचा अभिमान बाळगणं नव्हे. त्याचं गैरसोयीचं बोलणंही आपल्या रोजच्या पाठात ठेवणं. अमेरिकेतल्या आयरिश लोकांचं उदाहरण घ्या. १८४५नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडत गेलं, दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. अमेरिकेत त्यांना 'आयरिश माणसांनी अर्ज करू नये' अशा जाहिराती वाचाव्या लागल्या. आज १७ मार्चच्या सणासाठी शिकागोत अख्खी नदी हिरवी करतात, १९६२पासून. मिरवणुकीत वाईट काहीच नाही. पण हिरव्या पाण्यात ती जाहिरात दिसत नाही. पंजाबनं नामदेवांची ती 'जाहिरात' पुसली नाही, रागात बसवली.

याची किंमतही आहे, ती लपवू नये. शीख परंपरेत 'बीठल' म्हणजे निराकार परमेश्वर. विटेवर कटीवर हात ठेवून उभा असलेला सावळा विठोबा तिथं उरत नाही. शिवाय ही पदं पंढरीच्याच नामदेवांची की पुढच्या कुणा नाम्याची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला हे दोन्ही आक्षेप मान्य करूनही पदांचं मोल कमी वाटत नाही. परमुलखात रुजलेलं रोप मूळ जागेसारखं दिसत नाही, पण दिसलंच पाहिजे असा हट्ट धरणारे बहुधा कधी गाव सोडून गेलेले नसतात.

आता हाच निकष आपल्याला लावून बघू. शेजारच्या नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंग आले आणि तिथंच त्यांचा अंत झाला. पुढे महाराजा रणजितसिंगांनी १८३०च्या दशकात हुजूर साहिबची वास्तू उभारली. त्या निमित्तानं पंजाबातून आलेली माणसं गोदावरीकाठी राहिली. त्यांचे वंशज दखनी शीख म्हणून ओळखले जातात. ते आपल्यासारखीच मराठी बोलतात, याच उन्हात राबतात. मी आजवर वाचलेल्या मराठी कथा-कादंबऱ्यांत असं एक घर मला आतून दिसलेलं नाही. दिसली ती ढाब्यावरची किंवा ट्रकमधली पगडी.

नरसीहून गेलेल्या शिंप्याला पंजाबनं आपल्या सगळ्यात पवित्र ग्रंथात ६१ पदांची जागा दिली, त्याच्या तक्रारीसकट. तिकडून इकडे आलेल्यांना मराठीनं किती पानं दिली, हा हिशोब घुमानच्या मांडवात कुणी मांडायला हवा होता. तो अजूनही मांडता येईल, आणि त्यासाठी घुमानला जायची गरज नाही. नांदेड पुरेसं आहे.